‘डिलिव्हरी’ म्हणजे वितरण नव्हे

‘मराठी करून दिलं की झालं’ हे वाक्य ऐकलं की आता मला चीड येते.

२०२१ साली अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आलं ते इंग्रजी घेऊन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. तो कामचुकारपणा नव्हता. न वाचता येणाऱ्या बटणावर बोट ठेवून बाईनं जबाबदारी का घ्यायची?

आमचं ॲप लहानसं, गरोदर बायांच्या नोंदीचं. शहरातले स्वयंसेवक ते बनवतात. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आमच्या मुली मराठी, गोंडी, माडिया करतात. समन्वय माझ्याकडे. येते ती नुसती शब्दांची यादी, पडदा दिसतच नाही. एकीनं ‘डिलिव्हरी डेट’चं ‘वितरणाची तारीख’ केलं. तिचं काय चुकलं? यादीत वरचाच शब्द ‘रेशन’ होता! ‘सेव्ह’चं झालं ‘वाचवा’. एक आशाताई विचारत होती, “ताई, कोणाला वाचवायचं?”

तीन महिने भांडून शब्द ठरवले, तोवर तिकडं पडद्याची मांडणीच बदलली. अर्धी बटणं पुन्हा इंग्रजीत गेली आणि निरोप आला, ‘शुक्रवारपर्यंत करून द्या.’ शुक्रवारी धानोऱ्याकडची मुलगी रोवणीवर होती. दोघंही स्वयंसेवकच म्हणे. पण तो फावल्या वेळात करतो आणि त्याच्या बायोडेटात एक ओळ वाढते. हिची रोजी बुडते. बाईचं काम म्हटलं की ते ‘सेवा’ कसं होतं, हे तुम्हांला मी काय सांगावं?

आणि गोंडी? २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे २९ लाखांवर, तरी आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तिला जागा नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ साली, गुंजाला गोंडी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. आनंदच आहे. पण माझ्या गावांतल्या बायांना त्या लिपी वाचता येत नाहीत, त्यांना आवाज हवा. छत्तीसगडात २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’नं साध्या फोनवर गोंडी ऐकवून दाखवली. मग आमच्याच वेळी ते ‘तांत्रिकदृष्ट्या अवघड’ का होतं?

मागच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागितल्या. बदल करण्याआधी महिनाभर आम्हांला दाखवा, यादीबरोबर पडद्याचं चित्र द्या, बुडालेली रोजी द्या. उत्तर मिळालं, “अशानं काम थांबेल.”

थांबू द्या. नवा बदल आम्ही घेतलेला नाही. जुनी बटणं बायांना पाठ आहेत, नोंदी त्यावरच चालू आहेत.