एआय एजंट घेताय? डेमोवर जाऊ नका, आधी डॉक्युमेंटेशन तपासा



एआय एजंटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोणतं टूल घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. ज्या टूलचं डॉक्युमेंटेशन नीट नाही, ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारा चॅट नाही. तो गिऱ्हाईकाचा मेसेज वाचून ऑर्डर नोंदवतो, पेमेंट लिंक पाठवतो, बिल बनवतो. ही कामं तो दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून करून घेतो. ते सॉफ्टवेअर कसं चालवायचं याची लेखी माहिती म्हणजे डॉक्युमेंटेशन. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने एमसीपी नावाची जोडणीची पद्धत आणली. पुढे रेझरपे, झेरोधा अशा आपल्या कंपन्यांनीही ती घेतली. यात प्रत्येक टूलसोबत त्याचं वर्णन जातं आणि एजंट ते वाचूनच कोणतं टूल कधी वापरायचं हे ठरवतो.

खरी गोम इथंच आहे. दुकानातल्या नव्या मुलाला कळलं नाही तर तो विचारतो, "शेठ, हा भाव किलोचा का पोत्याचा?" एजंट बरेचदा विचारत नाही. अंदाज बांधतो आणि पुढे जातो.

रेझरपेचंच बघा. तिथे एपीआयला रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०० रुपये घ्यायचे तर ५०००० लिहायचं. नुसतं ५०० लिहिलं तर लिंक जाईल ५ रुपयांची! त्यांनी हे उदाहरणासकट लिहून ठेवलंय. पण एखाद्या टूलमध्ये फक्त 'रक्कम' एवढाच शब्द असेल तर? औषधाच्या बाटलीवर पंपाला किती मिली ते न लिहिता 'योग्य प्रमाणात फवारा' एवढंच लिहिलं, तर आपल्याकडचा कोणता शेतकरी ते कांद्यावर मारेल?

नुकसान टूलवाल्याचं होत नाही, आपलं होतं. पिंपळनेरसारख्या गावात एक चुकीचं बिल गेलं की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट साक्रीला पोचते.

म्हणून या पाच गोष्टी तपासा:

१. एकक आणि नमुना: रुपये की पैसे, किलो की क्विंटल? तारीख कशी लिहायची? सरकारी ई-इनव्हॉइसच्या नमुन्यात दिवस, महिना, वर्ष हा क्रम दिलेला आहे. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो. मग ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल?

२. चूक झाली तर: नेट गेलं, उत्तर आलं नाही, एजंटने तीच ऑर्डर परत पाठवली. ती दोनदा नोंदली जाणार का? हे लिहिलेलं हवं.

३. ताजेपणा: १ जुलै २०२५ पासून व्हॉट्सॲप बिझनेसचा दर संभाषणामागे नाही, टेम्प्लेट मेसेजमागे लागतो. विकणाऱ्याच्या पानावर अजून जुनी पद्धत असेल तर बाकीचंही जुनंच समजा.

४. मर्यादा: काय करता येत नाही हेही सांगितलंय का? उदाहरणार्थ, गिऱ्हाईकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की व्हॉट्सॲपवर फक्त मंजूर टेम्प्लेट पाठवता येतो.

५. सरावाची सोय: खरे पैसे न हलवता टेस्ट करता येतं का? रेझरपेत टेस्ट आणि लाइव्ह अशा वेगवेगळ्या की मिळतात.

"सर, हे सगळं इंग्रजीत असतं, आणि मी काही प्रोग्रॅमर नाही." हरकत नाही. ते पान एआय चॅटमध्ये टाका आणि मराठीत हेच पाच प्रश्न विचारा. सोबत सांगा: "फक्त या पानावरून उत्तर दे, कोणत्या ओळीवरून दिलंस ते दाखव, आणि माहिती नसेल तर नाही म्हण." दाखवलेली ओळ स्वतः पानावर शोधा. जिथे 'नाही' येईल, तिथेच उद्या तुमचा एजंट अंदाज बांधणार आहे.

मग टेस्ट मोडमध्ये आपल्याच दुकानातल्या दहा ऑर्डरी द्या, गिऱ्हाईक बोलतं तशाच. 'पावणेदोन किलो' आणि 'अर्धा डझन' त्यात हवेतच.

काही विक्रेते म्हणतात, "डॉक्युमेंटेशन कशाला, अडलं तर मला फोन करा." भाऊ, फोनवर तू मला सांगशील, माझ्या एजंटला कोण सांगणार?

चांगलं डॉक्युमेंटेशन असलं म्हणजे एजंट चुकणारच नाही, असंही नाही. रिफंड आणि मोठी रक्कम आपल्या हातानेच मंजूर करा. पण ॲडव्हान्स देण्याआधी विक्रेत्याकडे डॉक्युमेंटेशनची लिंक जरूर मागा. त्याने टाळाटाळ केली, तर कोणतं टूल घ्यायचं नाही ते तुम्हाला तिथेच कळलं.