पीएच.डी.नंतर डॉक्टर व्हायचे असेल तर

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले राजूर गणपतीमुळे साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. त्याच तालुक्यातल्या देहेडचे नाव मात्र जिल्ह्याबाहेर फारसे निघत नाही. 1951 मध्ये देहेडला जन्मलेले हिंमतराव बावस्कर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

त्या काळी कोकणात लाल विंचू चावला की घरचे लोक निम्मी आशा सोडूनच पेशंटला आणत. दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि तोंडाला फेस. पुस्तकात यावर ठोस उपाय नव्हता. बावस्कर खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची तासातासाला नोंद करू लागले. 1982 मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. करून ते पुन्हा महाडलाच परतले. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे त्यांनी ओळखले. मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. 1986 मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार, पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के दगावत. हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास उतरले. 2011 मध्ये ‘बीएमजे’त छापलेल्या चाचणीत त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 70 रुग्णांवर आणखी एक गोष्ट दाखवली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले, तर पेशंट निम्म्याहून कमी वेळात सावरतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉक्टर आणि संशोधक एकाच माणसात असले म्हणजे काय होते, याचे इतके जवळचे उदाहरण जालना जिल्ह्याला दुसरीकडे शोधावे लागत नाही. बावस्कर आधी डॉक्टर झाले आणि संशोधन त्यांना वॉर्डात सापडले. उलट दिशेने यायचे ठरवले तर?

अशी मुले-मुली आहेत. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा जैवतंत्रज्ञानात पीएच.डी. करताना त्यांची पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत जातात. एखाद्या प्रथिनाची, एखाद्या जंतूची नस त्यांना कळते, पण तो आजार झालेला माणूस त्यांनी जवळून पाहिलेला नसतो. त्याला तपासण्याचा, औषध देण्याचा अधिकारही नसतो. अमेरिकेत मात्र ही वाट चालून गेलेली माणसे आहेत. फ्रान्सिस कॉलिन्स यांनी येल विद्यापीठातून भौतिक रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि 1977 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातून एम.डी. पूर्ण केले. 1989 मध्ये सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक शोधणाऱ्या चमूचे ते एक प्रमुख होते. पुढे मानवी जनुकसंचाचा प्रकल्प त्यांच्या नेतृत्वाखाली पार पडला. मायामी विद्यापीठाने तर 1970 च्या दशकात पीएच.डी. झालेल्यांसाठी खास दोन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम चालवला होता.

आपल्याकडे अशा माणसासाठी वाट एकच: पुन्हा ‘नीट’. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या परीक्षेची कमाल वयोमर्यादा काढली, ही चांगली गोष्ट झाली. पण तिशीतल्या संशोधकाने बारावीची पुस्तके उघडून सतरा-अठरा वर्षांच्या मुलांशी स्पर्धा करायची, आणि तीही कोणत्या गर्दीत? 2024 मध्ये ही परीक्षा 23 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. जागा मिळालीच तर पुढे साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप आणि तज्ज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षे. पीएच.डी. करताना केंद्राची ज्येष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा 42,000 रुपये असते. एमबीबीएसला गेल्यावर इंटर्नशिपपर्यंत हातात काहीच नाही. शेतीवर चालणाऱ्या घरातल्या मुलीने किंवा मुलाने हा हिशेब कसा जुळवायचा? घरचे ‘अजून किती शिकणार?’ म्हणतात, तेव्हा ते चुकीचे बोलत नसतात.

म्हणून नियम बदलायला हवा. वॉर्डातली वर्षे कमी करा, असे इथे कुणी म्हणत नाही. पेशंटचे पोट दाबून पाहणे, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकणे याला पर्याय नाही आणि तिथे सवलत देणे धोक्याचे आहे. पण बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट मिळवलेल्याला पहिल्या वर्षी तोच विषय पुन्हा शिकायला लावण्यात काय साधते? त्या विषयातून सूट द्यावी, प्रवेशासाठी वेगळी परीक्षा घ्यावी, प्रत्येक शासकीय महाविद्यालयात एखाद-दोन जादा जागा ठेवाव्यात आणि शिक्षण होईपर्यंत छात्रवृत्ती चालू ठेवावी. बदल्यात त्या डॉक्टरने काही वर्षे त्याच जिल्ह्यात पेशंट आणि संशोधन दोन्ही सांभाळावे. मात्र संशोधनाचे दिवस कागदावर नकोत, वेळापत्रकात हवेत. सकाळपासून दुपारपर्यंत ओपीडीच्या रांगेत अडकलेल्या डॉक्टरला नोंदवही उघडायलाही सवड मिळत नाही.

यावर आक्षेप येईल की आधी साधे डॉक्टर तरी पुरेसे होऊ द्या. राजूर परिसरातल्या माणसाला तो रास्तच वाटेल. पण बिरवाडीतही डॉक्टर कमीच होते, आणि तिथल्याच एका डॉक्टरच्या नोंदींनी त्यांनी कधी न पाहिलेले पेशंटही वाचले. शेतात सर्पदंश आहे, कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा आहे, उन्हाळ्यातला उष्माघात आहे. या प्रश्नांची उत्तरे मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत आपोआप तयार होत नाहीत. केंद्राने 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि ते गाठायला खाटेजवळ बसून नोंद ठेवणारे डॉक्टर लागतील.

जालन्याला आता स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांपैकी एक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. तिथली पहिली तुकडी 2030 च्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडेल. त्याआधी आयोगाने आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पीएच.डी. धारकांसाठीचे नियम ठरवावेत, आणि पहिल्या दोन जागा जालन्यात द्याव्यात.