नकाशांतली बाग

आमच्या बोळाच्या तोंडाशीं एक रिकामी जागा होती. होती असें म्हणतों, कारण तेथें आतां सात मजल्यांची इमारत उभी आहे. इमारतीविषयीं आमची तक्रार नाहीं. तींतलीं बिऱ्हाडें सज्जन आहेत, आणि त्यांचीं मुलें संध्याकाळीं आमच्याच ओट्यावर खेळतात. तक्रार आहे ती स्वतःविषयीं. नगरसंस्थेच्या विकास योजनेच्या नकाशांत ही जागा हिरव्या रंगांत दाखविली होती व तिच्यावर ‘बालोद्यान’ असें आरक्षण होतें. ही गोष्ट आम्हांस कळली ती पाया खणला गेल्यावर.

कळली असें लिहिलें, तेंही सर्वस्वीं खरें नाहीं. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्याची सूचना वर्तमानपत्रांत आली होती. ती आम्हीं वाचली होती, आणि हें काम अधिकाऱ्यांचें, असें म्हणून त्या पत्राची घडी रद्दींत ठेवली होती. उभ्या जन्मांत विद्यार्थ्यांस ‘प्रश्न नीट वाचा’ असें बजावणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रांत शहराची विकास योजना १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वयें होते. सामान्यतः वीस वर्षांचा विचार करून रस्ते, शाळा, दवाखाने, बाजार, बागा, मैदानें यांसाठीं जागा राखावयाच्या असतात. मसुदा तयार झाला कीं तो लोकांस पाहावयास ठेवावा लागतो. ठराविक मुदतींत कोणाही नागरिकास हरकत अगर सूचना लेखी देतां येते, आणि नियोजन समितीपुढें तिची सुनावणी होते. येथवर पुष्कळांस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें पुढचें. त्याच अधिनियमाच्या १२७ व्या कलमाप्रमाणें, योजना अमलांत आल्यापासून दहा वर्षांत राखीव जागा ताब्यांत घेतली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. आणि नोटिशीनंतरच्या मुदतींतही संपादनाचें पाऊल पडलें नाहीं, तर आरक्षण गळून पडतें. आमच्या बोळांतल्या मालकानें हेंच केलें. त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. पैसाही द्यावयाचा नाहीं आणि जमीनही मोकळी करावयाची नाहीं, असें कोणास किती वर्षें अडकवून ठेवावें? दहा वर्षांत एकाही अंदाजपत्रकाच्या वेळीं या जागेसाठीं रुपया मागावयास बोळांतला एकही माणूस गेला नाहीं, आणि त्या न गेलेल्यांत पहिलें नांव आमचें आहे.

गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या नातवास खेळतां खेळतां दुचाकीचा धक्का लागून खांद्याचें हाड मोडलें. दीड महिना हात गळ्यांत होता. गाडी चालविणारा तरुण मुलाहून अधिक घाबरला होता. बोळ कांहीं खेळण्यासाठीं नाहीं, हें त्याचें म्हणणें खरें होतें. मग खेळण्यासाठीं काय आहे, या नातवाच्या प्रश्नास घरांत कोणापाशीं उत्तर नव्हतें.

न जन्मलेल्या मुलांसाठीं जागा राखल्याचीं उदाहरणें आपल्याकडे आहेत. दादरचें शिवाजी पार्क मुंबई महापालिकेनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें तें १९२७ सालीं, महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें. आज तेथें क्रिकेट खेळणाऱ्या बहुतेक मुलांचे आजोबाही तेव्हां जन्मले नव्हते. पुण्याची गोष्ट अलीकडची आहे. १९९७ सालीं पुणें महापालिकेंत आलेल्या गांवांपैकीं २३ गांवांच्या योजनेंत टेकड्यांवरील सुमारें ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठीं राखावी, असा प्रस्ताव या शतकाच्या आरंभीं आला. टेकडीवर बांधकाम होऊं द्यावें कीं न द्यावें, यावर वर्षानुवर्षें खल चालला. सकाळीं टेकडीवर फिरावयास जाणारे, रोपांस डब्यानें पाणी घालणारे, सह्या गोळा करणारे लोक चिकाटीनें मागें लागले, आणि २०१५ सालीं शासनानें आरक्षण कायम केलें. मोबदल्याचा पेंच त्यानंतरही राहिलाच. परंतु टेकड्या नकाशांत हिरव्या राहिल्या. त्याच शहराच्या जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ सालीं निघाला तेव्हां ८०,००० हून अधिक हरकती व सूचना आल्या, आणि शासनाची मंजुरी मिळावयास २०१७ चा जानेवारी उजाडला. एवढ्या ढिगांत स्वतःच्या घरावरची रेघ पुसा म्हणणारे किती आणि शेजारच्या मुलांसाठीं लिहिणारे किती असतील, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां आमच्या शहराच्या योजनेची फेरतपासणी चालू आहे. नाल्यालगतची सव्वा एकर जागा मसुद्यांत बागेसाठीं दाखविली आहे. नकाशाची प्रत विकत मिळते. ती आणून आम्हीं दिवाणखान्यांत अंथरली, चार कोपऱ्यांवर चार जाड कोश ठेवले, आणि बोळांतल्या घरांस बोलाविलें. पहिल्या दिवशीं आम्हीं वृद्धच जमलों व तासाभरांत बाग तयारही केली. भोंवतीं फिरण्याची वाट, बांकें, एक लहानसें मंदिर, सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळ, ‘चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी, आणि फाटकास कुलूप. किल्ली आमच्या बोळाच्या समितीकडे. अर्ज आमच्याच हस्ताक्षरांत होता आणि भाषा निर्दोष होती.

सूनबाईनें चहाचे पेले उचलतां उचलतां तो वाचला. “बाबा, बाग सकाळीं दहाला बंद आणि दुपारीं चारला उघडायची? धाकटीला घेऊन मी मोकळी असते ती नेमकी त्या वेळांत. आणि दिवे नाहींत, शौचालय नाहीं. मग आम्ही बायकांनी जायचं कधीं?” आमच्या सौभाग्यवतींनीं आपलें म्हणणें एका वाक्यांत संपविलें: ज्याला पाठ टेकतां येत नाहीं त्याला बांक म्हणूं नये. थोरली नात चौदा वर्षांची आहे. ती म्हणाली, “आजोबा, मुलगे दहा वर्षांचे झाले कीं मैदान त्यांचं होतं, आणि मुली दहा वर्षांच्या झाल्या कीं घरांत येतात. हें तुम्ही कुठं लिहिलंय?” कोठेंच लिहिलें नव्हतें.

कुलुपाचा निकाल लागला तो मात्र झाडलोट करणाऱ्या बाईंमुळें. त्यांची वस्ती नाल्याकांठींच आहे, म्हणजे बागेस आमच्याहून जवळ. नकाशावर केरसुणी कशी फिरवावी म्हणून त्या थांबल्या, हिरवा तुकडा कोणता तें विचारून घेतलें, आणि म्हणाल्या, “मास्तर, किल्ली तुमच्याकडं. मग आमच्या पोरांनी काय कुंपणावरून उड्या मारायच्या?”

त्या रात्रीं आम्हीं अमरकोश उघडला. वादांत हरलों कीं कोश उघडावयाचा, ही आमची जुनी खोड आहे. वनौषधिवर्गाच्या आरंभींच अमरसिंहानें बागांचे प्रकार सांगितले आहेत. घराची म्हणून जी बाग ती निष्कुट. अमात्य व गणिका यांच्या घरची ती वृक्षवाटिका. अंतःपुरासाठीं राखलेलें तें प्रमदवन. उद्यान या शब्दाचा अर्थ मात्र निराळा दिला आहे: राजाचें असून साधारण, म्हणजे सर्वांस सामाईक असें वन. आणि उद्यानाचाच दुसरा पर्याय आक्रीड; क्रीड् धातु त्यांत उघड दिसतो. हे श्लोक तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतले; परंतु कुलूप आणि चेंडूची मनाई लिहितांना दोहोंपैकीं एकही शब्द आठवला नाहीं. मागत होतों निष्कुट आणि अर्जांत लिहीत होतों उद्यान.

दुसरी बैठक आम्हीं नाल्याकांठीं, त्या जागेवरच घेतली. आमच्या दोन शेजाऱ्यांस हें रुचलें नाहीं, ते आले नाहींत. जे आले त्यांस एक नवीनच गोष्ट समजली. खेळाचें मैदान आम्हीं खालच्या अंगास आंखलें होतें. पावसाळ्यांत पाणी कोणत्या बाभळीपर्यंत चढतें, हें वस्तींतल्या एका म्हाताऱ्यानें काठीनें दाखविलें, तेव्हां आमचें मैदान सबंध पाण्याखालीं गेलें. नकाशांत ती बाभूळ नाहीं आणि तें पाणीही नाहीं. मैदान वरच्या अंगास, ओल सोसणारीं झाडें खालीं, असा बदल तेथेंच झाला. मैदानाचे आठवड्यांतले तीन दिवस मुलींचे, दिवे नऊ वाजेपर्यंत, फाटक दिवसभर उघडें, हेंही ठरलें. मंदिर वगळलें. त्यावर एक वयोवृद्ध स्नेही अजून आमच्याशीं बोलत नाहींत.

ज्यांच्या शहरांत असा मसुदा निघेल त्यांनीं अर्जांत भूमापन क्रमांक व आरक्षणाचा क्रमांक अवश्य लिहावा. ‘आमच्या भागांत बाग असावी’ एवढ्यानें भागत नाहीं. पोच घ्यावी आणि सुनावणीस समक्ष जावें. मंजुरी मिळाली म्हणून स्वस्थ बसूं नये, कारण दहा वर्षांचें घड्याळ तेव्हांच सुरू होतें. पुण्यांत २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठीं कामें मागविण्याची पद्धत सुरू झाली. जेथें ती नाहीं तेथें दरसाल लेखी मागणी करावी लागेल. त्यासाठीं आम्हीं एक वही घातली आहे. वर्षाला एक पान, व त्या वर्षाचा अर्ज एका घराच्या माथीं. पहिलीं तीन पानें आम्हां वृद्धांकडे आहेत, शेवटच्या पानांवर नाल्याकांठच्या आणि आमच्या बोळांतल्या मुलांचीं नांवें आहेत. हात मोडलेल्या नातवाचें पान दहावें. तोंवर त्यास मिसरूड फुटलेली असेल.

सह्या २११ झाल्या, त्यांत कांहीं अंगठे आहेत. सुनावणी पुढच्या महिन्यांत एका मंगळवारीं आहे. मुलींच्या मैदानाविषयीं आम्हीं बोलावें असें ठरलें होतें. थोरली नात म्हणते, तें ती स्वतः बोलणार. त्या दिवशीं तिची शाळा बुडेल. रजेची चिठी आम्हीं लिहून दिली आहे, आणि कारणाच्या जागीं खरें कारण लिहिलें आहे.