निवेदनाखाली सही कुणाची?

पालघरच्या बाजारात पापलेटचा भाव ऐकला की आपण मुकाट्याने बोंबिलाच्या पाटीकडे वळतो. हेच पापलेट सप्टेंबर 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. हा मान आपोआप मिळाला नाही. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थेने तो सरकारकडे मागून घेतला.

मानाने जाळे भरत नाही, हे सातपाटीकरांना काय ठाऊक नव्हते? पण मान मिळाला की मासा वाचवण्याची जबाबदारी सरकारवर टाकता येते, हा त्यामागचा हिशेब. शिवाय त्यांच्या हाती वह्या होत्या. संस्थेत सभासदांचे पापलेट वजनाच्या प्रतवारीने घेतले जाते, त्याची नोंद होते. आवक कशी घटत गेली, ते त्या नोंदीच सांगतात. "धंदा बसला" म्हणून रडणारे मंत्र्याकडे रोजच येतात. आकडे घेऊन येणाऱ्याला टोलवणे जड जाते. असे निवेदन हाती आले की आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, आणि मग खात्याला उत्तर द्यावे लागते.

अर्थात त्याच टेबलावर दुसऱ्याचेही निवेदन असते. पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्याने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीन जाळ्यांवर बंधने आली. पण पर्ससीनवाल्यांच्याही संघटना आहेत आणि त्यांचे ऐकणारे पुढारीही आहेत. पुढे 2023 मध्येच सरकारने 54 जातींच्या माशांचा किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, हा नियम सातपाटीच्या जाळ्यालाही लागू आहे. दुसऱ्याला बंधन घाला म्हणणारे पुष्कळ असतात. स्वतःच्याही हाताला बांधणारा कायदा मागणे कठीण, आणि म्हणूनच अशा मागणीला वजन येते असे आम्हाला वाटते.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. अशा निवेदनांत डिझेलचा परतावा असतो, बंदर असते, कर्ज असते. बोटीवरच्या खलाशाची मजुरी आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईची बसायची जागा त्यांत क्वचितच दिसते. मालकाची संघटना मालकाचेच मागणार, त्यात रागावण्यासारखे काही नाही.

मासळी, भाजी विकणाऱ्या आमच्या भगिनींसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. नगरपरिषदेच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. आधी सर्वेक्षणात नाव लागले पाहिजे. माणूस नोंद करायला येईल त्या दिवशी पाटी घरी ठेवून लग्नाला जाऊ नका. आणि तो आलाच नाही, तर चार-पाच जणी मिळून मुख्याधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या व पोच घ्या.