मरणाआधी शासन कोठे असते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी आपले अवयव विक्रीस काढल्याचे निवेदन मुख्यमंत्र्यांना पाठविले. त्यात भावही दिले होते : यकृत ९० हजार, मूत्रपिंड ७५ हजार, डोळे २५ हजार. वर्तमानपत्रांतून काही दिवस चर्चा झाली, कर्जमाफीच्या मागणीची उजळणी झाली आणि विषय मागे पडला. या निवेदनात निषेधाचा भाग होता हे उघड आहे. परंतु ज्या माणसावर स्वतःच्या देहाचा भाव जाहीर करण्याची पाळी येते, त्याच्या मनाची विचारपूस करणारी कोणती शासकीय यंत्रणा त्या तालुक्यात आहे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला.

त्याच वर्षी विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत हिंगोलीचे ४२, म्हणजे आठ जिल्ह्यांत सर्वांत कमी. प्रशासनाला यात समाधान मानावेसे वाटेल. पण २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोलीची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, तर लातूरची २४ लाख ५४ हजार आहे आणि लातूरचा आकडा ७२ आहे. लाखामागे प्रमाण काढले, तर लातूर तीनच्या आत राहते आणि हिंगोली साडेतीनच्या वर जाते. १९९९ साली परभणीतून वेगळा निघालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा केवळ बेरजेत सुखी दिसतो. शिवाय ही मोजणी शेतकऱ्यांची. ज्याच्या नावे सातबारा नाही असा शेतमजूर तिच्यात सापडणे कठीण.

माणूस मेला म्हणजे मात्र शासन तत्परतेने येते. पोलीस पंचनामा करतात, तलाठी उतारे काढतो, तहसीलदार अहवाल पाठवितो, जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते. जमीन कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय, या कसोट्या लागतात आणि प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये; २००६ च्या निर्णयानुसार तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. दारू, आजारपण, घरातील कलह अशी नोंद कागदावर आली की फाईल अपात्रतेकडे झुकते. जणू कर्ज एका माणसाला होते, दारू दुसऱ्याला लागते आणि झोप तिसऱ्याची उडते!

मरणापूर्वीची व्यवस्था याच्या तुलनेत फारच विरळ आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. बेल्लारीच्या प्रयोगावरून जिल्हा कार्यक्रम १९९६ साली आखला गेला. बाराव्या योजनेत या कार्यक्रमासाठी जिल्ह्यामागे वर्षाला कमाल ८३ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. हिंगोलीच्या लोकसंख्येने भागले तर माणशी सुमारे सात रुपये पडतात, तेही पूर्ण रक्कम पोचली तर. २०१५ पासून आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात आहेत. खचलेला माणूस ओळखण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे दिले गेले. ही तीच आशा, जिला मोबदल्याच्या वाढीसाठी २०२३-२४ मध्ये दोनदा संप करावा लागला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. त्यावर सल्ला मिळतो आणि तो काहींना उपयोगी पडत असेल. पण ज्याला नियमित गोळ्या आणि तपासणी हवी त्याला शेवटी दवाखाना लागतोच. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही नाही.

रुग्णाला भगताकडे नेणाऱ्या कुटुंबाला अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. भगत गावातच राहतो, रात्री-अपरात्री भेटतो, उधारीवर चालतो. कळमनुरी-औंढ्याच्या आदिवासी वाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्राला हे तिन्ही गुण यावेत, मगच त्या कुटुंबाला उपदेश करावा.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले. त्यांत हिंगोलीचे शंभर जागांचे महाविद्यालय आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मागास भागातील मुलांना ते जवळ पडेल, विशेषज्ञही येतील. परंतु महाविद्यालय म्हणजे आरोग्यसेवेचा विस्तार, हे समीकरण फसवे आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. आजूबाजूच्या जिल्ह्यांतील अत्यवस्थ रुग्ण तेथेच पाठविले जातात. खालचे केंद्र दुबळे असले म्हणजे वरच्या रुग्णालयावर सारा लोंढा जातो, आणि तेही कोसळते. हिंगोलीतही उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे आणि महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. रुग्ण मात्र एकच. मानसिक आजार तर या तीन कार्यालयांच्या फटीतून सहज निसटतो, कारण तो ना साथीचा, ना शस्त्रक्रियेचा.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा आरोग्यसेवाही त्या मोजणीत होती. तो अनुशेष भरून काढण्यासाठी उभे राहिलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्चावी असे सांगितले होते. दुसरीकडे जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढविले आणि त्यातून वर्षाला चौदा हजार कोटींची जादा भर अपेक्षिली. या जादा रकमेचा केवळ एक टक्का, म्हणजे १४० कोटी, ३६ जिल्ह्यांत वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार कोटींहून अधिक येतात. आज ठरलेल्या साहाय्याच्या चौपटीहून जास्त. दारूच्या उत्पन्नावर चालणाऱ्या तिजोरीने व्यसनमुक्तीचा खाट आणि सल्लागार द्यावा, ही मागणी मुळीच अतिरेकी नाही.

या बाबतीत पक्षाचीही उणीव आहे. मोर्चे निघाले ते कर्जमाफी, हमीभाव आणि पीकविम्यासाठी. ते आवश्यकच होते. पण मनाचा आजार हा शहरी सुखवस्तूंचा विषय, अशी एक समजूत कार्यकर्त्यांतही रुजून राहिली. भाव चांगला मिळाल्याने प्रत्येक खचलेला माणूस सावरतो असे नाही आणि गोळीने कर्ज फिटत नाही. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात आल्या पाहिजेत. २०१७ साली निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. जेथे सभागृहच नाही तेथे आरोग्य केंद्रातील रिक्त पदाचा जाब विचारणार कोण? म्हणून ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत हा विषय नावानिशी मांडावा लागेल : नैराश्य, अपस्मार, तीव्र मनोविकार यांची औषधे केंद्रात किती दिवस नव्हती, मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला महिन्यातून कोणत्या वारी येतो, समुपदेशक कायम आहे की कंत्राटी.

कायदा हाताशी आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने मानसिक उपचार हा हक्क ठरविला. किमान शासकीय सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्यात आहे. जेथे खासगी डॉक्टरही नाही तेथे हे कलम कोरडेच राहते. तेथील कार्यकर्त्यांनी नांदेडचे बसभाडे, औषधांच्या पावत्या आणि रुग्णासोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी यांचा हिशेब अर्जाला जोडून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा व पोच घ्यावी.