परांचीचा खर्च कोणाच्या हिशेबात?

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांवरील चर्चा मुख्यत्वे कारखाने, कंत्राटी नोकऱ्या, कामाचे तास आणि ग्रॅच्युइटी यांभोवती फिरली. बांधकामाच्या व्याख्येतील एक बदल मात्र फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात स्वतःच्या निवासासाठी १० लाख रुपयांपर्यंतचे काम करून घेणारा घरमालक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली आहे. दहांपेक्षा कमी कामगार असलेले काम पूर्वीही बाहेर होते, आताही आहे.

मर्यादा वाढवणे गैर म्हणता येणार नाही. १९९६ मधील १० लाख आणि आजचे १० लाख यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय कामगार खात्याचा निरीक्षक एखाद्या वाड्यावरील घराची परांची तपासायला येईल, अशी अपेक्षा जुन्या कायद्याच्या काळातही कोणी बाळगली नव्हती. तरीही परिणाम समजून घेणे आवश्यक आहे. गोव्यातील गावांत होणारी बहुतेक घरदुरुस्ती, वरचा मजला चढवण्याची कामे आणि साधी नवी घरे आता या संहितेच्या बांधकामविषयक तरतुदींबाहेर राहतील. परांची कोणती, किती उंच, कठडा आहे की नाही, हे ठरवणारी यंत्रणा तेथे एकच उरते. ती म्हणजे घरमालक आणि ठेकेदार यांच्यातील तोंडी व्यवहार.

हा व्यवहार बहुधा एका शब्दावर मिटतो: ‘परांचीसह’. गिलाव्याचा किंवा रंगाचा दर चौरस मीटरला ठरतो आणि परांची त्या दरात धरलेली असते. मालकाला हे सोयीचे वाटते, कारण आकडा एकच राहतो. पण ज्या वस्तूचा खर्च वेगळा दिसत नाही, तीच सर्वप्रथम कापली जाते. ठेकेदाराने दहा फ्रेमांऐवजी सहा आणल्या, तीन फळ्यांऐवजी एक टाकली, कठडा लावलाच नाही, तर त्याची बचत होते. मालकाला दिसणारी भिंत मात्र तशीच गुळगुळीत राहते. तीन दर मागवले आणि सर्वांत कमी दर स्वीकारला, की अनेकदा नकळत सर्वांत कमी परांचीच निवडलेली असते.

निवडीचा प्रश्न म्हणूनच प्रकारांच्या नावापेक्षा कामाच्या स्वरूपापासून सुरू व्हायला हवा. एक मजली घराच्या आतल्या छताचा गिलावा असेल तर दोन भक्कम घोड्या आणि त्यांवर पुरेशा रुंदीच्या फळ्या एवढे पुरते. तेथे रिकाम्या पिंपांवर फळी टाकण्याची जी सर्रास प्रथा आहे, ती परांचीच्या कोणत्याही प्रकारात बसत नाही. शिडीचे स्थानही मर्यादित आहे. ती चढण्या-उतरण्यासाठी आणि दोन-चार मिनिटांच्या कामासाठी; चार हात उंचीला एक हात पायथा बाहेर, हे तिचे प्रमाण. एका हातात रंगाचा डबा घेऊन दिवसभर शिडीवर काम करणारा रंगारी हे आपल्याकडील नेहमीचे दृश्य आहे. ते नेहमीचे आहे म्हणून सुरक्षित ठरत नाही.

जमीन अधिक एक मजला अशा घरात वळचणीची उंची सहा-सात मीटरांपर्यंत जाते. तेथे खरी निवड तीन गोष्टींत असते: बांबू किंवा सुरूचे वासे, क्लॅम्पने जोडायचे पोलादी नळ, आणि तयार एच-फ्रेम.

बांबूविषयी सध्या भीती अधिक आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगमधील ताय पो येथे वांग फुक कोर्ट या वसाहतीच्या आठपैकी सात इमारती आगीत सापडल्या आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. इमारतींची दुरुस्ती चालू होती आणि भोवती बांबूची परांची होती, त्यामुळे पहिला दोष बांबूला दिला गेला. तेथील यंत्रणेने बोट ठेवले ते मात्र अग्निरोधक निकषांत न बसणारी संरक्षक जाळी आणि खिडक्या झाकणारे फोमचे तक्ते यांवर. आपल्याकडेही परांचीभोवती हिरवी जाळी बांधण्याची पद्धत रुळली आहे. ती अनेकदा शेतीत सावलीसाठी मिळणारी प्लास्टिकची जाळी असते. ती धूळ अडवते. पडणाऱ्या माणसाला अडवत नाही आणि आगीलाही नाही.

बांबूची खरी अडचण वेगळी आहे. त्याचे सामर्थ्य पेरापेराला बदलते आणि जुना झाल्यावर तो बाहेरून धड दिसत असतानाही आतून भुंग्याने पोखरलेला असू शकतो. सुंभाने बांधलेल्या गाठी भिजून सुकल्या की सैल पडतात. वर्षाला तीन मीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही किरकोळ बाब नव्हे. बांधणारा जाणकार असेल, गाठी रोज तपासल्या जात असतील आणि काम कोरड्या दिवसांत उरकायचे असेल, तर छोट्या घराला बांबू आजही योग्य आहे. वेड्यावाकड्या भिंतीशी, बाल्कांवाच्या उतरत्या छपराशी तो सहज जुळवून घेतो. पण असे बांधणारे हात आता कमी होत चालले आहेत. बांबू स्वस्त राहिला तरी ते कौशल्य स्वस्त राहिलेले नाही.

एच-फ्रेमचा फायदा नेमका येथे आहे. तिची मापे ठरलेली असतात, जोडणी चटकन होते आणि चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते. सरळ भिंतीच्या नव्या घराला बहुतेक वेळा हीच उत्तम. कैच्या मात्र दोन्ही बाजूंना हव्यात; सामान आत घेताना अडचण होते म्हणून एका बाजूच्या काढून ठेवणे हा या परांचीचा सर्वांत सामान्य आजार आहे. उतारावरच्या जमिनीत पायाला स्क्रू-जॅक हवेत. चिऱ्यांचे तुकडे रचून उंची साधणे म्हणजे सारा भार डळमळत्या ढिगावर टाकणे. क्लॅम्प-नळांची परांची कोणत्याही आकाराला बसते, पण प्रत्येक क्लॅम्प कोणी आणि किती आवळला यावर तिचे सारे अवलंबून असते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गंजलेले क्लॅम्प आणि आतून खाल्लेले नळ भाड्याने येतात, तेव्हा ते उतरवून घेण्याआधीच पाहायला हवेत. कपलॉक हा आपल्याकडे मुख्यत्वे स्लॅबखालच्या आधारासाठी वापरला जाणारा माल. ठेकेदाराकडे आधीच असतो म्हणून भिंतीला लावला जातो. त्यालाही हरकत नाही, फळ्या आणि कठडा मिळत असेल तर.

जुन्या गोमंतकीय घरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. एकेरी परांचीत बाहेर उभ्या वाशांची एकच रांग असते आणि आडव्यांचे आतले टोक भिंतीतील भोकांत टेकते. नव्या, सिमेंटात बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला हे सोसते. मातीच्या दर्जात रचलेल्या शंभर वर्षांच्या भिंतीला सोसेलच असे नाही. भोक पाडताना चिरा हलतो, आणि भार आल्यावर परांचीबरोबर भिंतीचा तुकडाही सुटू शकतो. अशा घराला भिंतीवर भार न टाकणारी, दोन रांगांची स्वतंत्र परांचीच लावावी. तीही भिंतीला बांधून ठेवणे भाग आहे, नाहीतर उंच होताच ती बाहेर झुकते. येथे गिलाव्यात खिळा किंवा बोल्ट ठोकण्यापेक्षा खिडकीच्या आत आडवा नळ अडकवून त्याला बाहेरची परांची जखडणे अधिक भरवशाचे. दुहेरी परांचीला खर्च जास्त येतो, हे खरे. परंतु ढासळलेली चिऱ्याची भिंत पुन्हा उभी करण्याच्या खर्चाशी तो ताडून पाहावा.

गावांतून घरांजवळून जाणाऱ्या उघड्या वीजतारा हा आणखी एक विषय. हातात लांब पोलादी नळ उभा धरलेला माणूस आणि तार यांत अंतर किती उरते, हे परांची उभी राहण्यापूर्वी मोजायचे असते. ओला बांबूही येथे निर्धोक नाही. तार जवळ असेल तर वीज खात्याला कळवून पुरवठा बंद करून घेणे, एवढाच मार्ग उरतो.

संहितेच्या बाहेर राहणे म्हणजे जबाबदारीच्या बाहेर जाणे, असा समज कोणी करून घेऊ नये. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते, आणि इमारत पाडताना, दुरुस्त करताना वा बांधताना केलेल्या हयगयीसाठी कलम २९० आहे. त्यांत ५० लाखांची मर्यादा नाही. पण गुन्हा नोंदवला जातो तो माणूस पडल्यानंतर. वर चढणारा बहुधा उत्तर कर्नाटकातून, झारखंडातून किंवा ओडिशातून आलेला असतो. परांची डळमळीत आहे असे म्हणण्याची सोय त्याला नसते. म्हटले तर उद्या दुसरा येतो.

कायद्याने सोडलेली जागा काही प्रमाणात पंचायती भरून काढू शकतात. गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकामाचा परवाना त्याच देतात. परवान्यासोबत परांचीचा एक पानी तक्ता देणे त्यांना अवघड नाही: साधारण ६० सेंटीमीटर रुंदीची चाल, कमरेच्या वर पोहोचणारा कठडा, पायाखाली पक्का आधार, भिंतीला बांधणी. घरमालकाने करायचे ते याहून सोपे आहे. दरपत्रकात परांचीची ओळ वेगळी मागावी: प्रकार, नग, फळ्या, किती दिवस. ती रक्कम वेगळी द्यावी, आणि परांची ठरल्याप्रमाणे उभी राहिल्यावरच. मग तीन दरांची तुलना करताना गिलाव्याचा दर गिलाव्याशी आणि परांचीचा परांचीशी पडताळता येतो.

वेळेचाही विचार त्यात धरावा. गोव्यात घराला रंग काढायचा तो चतुर्थीपूर्वी, म्हणजे ऐन श्रावणाच्या सरींत. फळ्या निसरड्या, जमीन मऊ आणि प्रत्येक रंगाऱ्याच्या हाती चार घरे अशा त्या दिवसांत परांचीवर सर्वाधिक घाई होते. बाहेरच्या उंच भिंती दिवाळीनंतर, पाऊस ओसरून जमीन आवळल्यावर घेतल्या आणि चतुर्थीसाठी आतल्या खोल्या व दर्शनी भागच ठेवला, तर गणपतीचे मखरही वेळेवर उभे राहील आणि सात मीटरांवरचे कामही कोरड्या फळीवर होईल.