दळण आणि पाणचक्की

गेल्या श्रावणांतील एका सोमवारची गोष्ट. सांजवात लावून सौभाग्यवती ओसरीवर आल्या त्या हातांत मोबाइल घेऊनच, आणि चिंतातुर मुद्रेनें म्हणाल्या, "अहो, हें काय आलें आहे पाहा बरें. माझें खातें कायमचें बंद केलें असें लिहिलें आहे. बँकेचें तर नव्हे ना?" आम्ही चष्मा चढवून पाहतों तों पत्र इंग्रजी, आणि तें 'आजीबाई' या नांवाच्या कोणा वैद्यास उद्देशून! इतक्यांत धाकटे बंधु माडीवरून उतरले. त्यांच्याहि मोबाइलवर तेंच पत्र. धाकट्या वहिनींच्याहि. शेवटीं आम्हीं आपला उघडला, तों आमच्याहि! औरंगपुऱ्यांतील आमच्या या जुन्या घरांत तीन कुटुंबें एका चुलीवर जेवतात. परंतु चार वडीलधारीं माणसें एकाच घटकेस एकाच आरोपाखालीं हद्दपार व्हावीं, असा प्रसंग पूर्वीं आला नव्हता. भामट्यांनीं मोबाइलवरून लुबाडल्याच्या वार्ता रोज वाचीत असल्यामुळें बंधूंनीं तर पोलीस ठाण्यावर जाण्याची सिद्धता केली. तेव्हां कोठें जिन्याच्या पायरीवर बसलेला आमचा नातू खालीं मान घालून म्हणाला, "आजोबा, तीं खातीं मींच काढलेलीं होतीं. खेळाचीं आहेत."

हा अपराध काय तें समजून घेण्यास आम्हांस दोन दिवस लागले. आमच्या वाचकांच्या घरोघरीं अशीं मुलें असणार. सबब जें समजलें तें येथें देतों. प्रथमच सांगणें अवश्य आहे कीं, हा पैजेचा खेळ नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायद्यानें बंदी घातली आहे. हा त्या वर्गांतला नाहीं. यांत एक काल्पनिक जग असतें, आणि देशोदेशींचे हजारों लोक त्यांत एकाच वेळीं आपापलें पात्र घेऊन वावरत असतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. पराक्रमानें पात्राची पातळी वाढते, शस्त्रें मिळतात, सोनें मिळतें. ऐकून आम्हांस वाटलें, ठीक आहे, आमच्या बाळपणच्या राजा-राणीच्या गोष्टीच या. परंतु जवळ बसून दोन तास पाहिलें तेव्हां दिसलें तें निराळेंच. युद्धप्रसंग थोडा, बाकी सर्व वेळ एकच कोल्हा मारावयाचा, तो पुन्हां उत्पन्न व्हावयाचा, पुन्हां मारावयाचा. असें पांचशें वेळां. खाणींत जाऊन तोच धोंडा फोडावयाचा. या कंटाळवाण्या श्रमास खेळणारे लोक इंग्रजींत 'ग्राइंडिंग' म्हणतात. म्हणजे दळण! तेंच तें दळण दळणें हा आपला वाक्प्रचार साता समुद्रापलीकडे कसा पोंचला, या विचारानें आमची घटकाभर करमणूक झाली.

आतां, दळण म्हटलें कीं दळणाऱ्याचा हात दुखूं लागतो, आणि हात दुखूं लागला कीं बुद्धि युक्ति शोधूं लागते. पहिली युक्ति 'मॅक्रो'. कळफलकावरील एका कळेस दहा कळांचें काम पढवून ठेवावयाचें: तलवार उगारा, वार करा, तीन पळें थांबा, औषध प्या, पुन्हां वार करा. मग ती एक कळ दाबली कीं सर्व आपोआप घडतें. कित्येक महाभाग तें चक्र अखंड चालूं ठेवून रात्रीं निजावयास जातात आणि सकाळीं उठून सोनें मोजतात. दुसरी युक्ति 'मल्टिबॉक्सिंग'. एकाच माणसानें चार-पांच खातीं काढावयाचीं, संगणकाच्या पडद्यावर पांच चौकटी मांडावयाच्या, एका पात्रास पुढारी करून बाकीच्यांस त्याच्यामागें चालावयास लावावयाचें, आणि दाबलेली प्रत्येक कळ पांचहि ठिकाणीं पोंचविणारी एक आज्ञावली मध्यें बसवावयाची. बोट एक हलतें, बाण पांच सुटतात.

खात्यास ई-मेलचा पत्ता लागतो, पत्त्यास मोबाइलवरील पडताळणीचे आंकडे लागतात. "आजी, तुझ्या मोबाइलवर सहा आंकडे आलेत, सांग ना," असें तो जातां येतां म्हणाला असेल, आणि आजीनें लाडू द्यावा तसे ते आंकडे दिले असतील. यांत आम्हां चौघांचेंहि सारखेंच चुकलें. कोणत्याहि कारणास्तव ते आंकडे कोणास सांगूं नयेत, हें बंधूंनीं त्याच रात्रीं सर्वांस बसवून बजाविलें, स्वतःसहि. अशा रीतीनें सौभाग्यवती वैद्य झाल्या, बंधु मांत्रिक झाले, वहिनी तिरंदाज झाल्या आणि आम्हांस त्यानें ढालकरी केलें. म्हणजे सर्वांच्या पुढें उभें राहून मार खाण्याचें काम. चाळीस वर्षें शिक्षकी केलेल्या मनुष्यास तें कांहीं नवें नव्हे.

"पण यांत कोणाचें काय गेलें?" हा नातवाचा प्रश्न होता. खरें सांगावयाचें तर पहिल्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कारण आमच्याच गांवीं बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारीं पाणचक्की आहे. कित्येक कोसांवरून भूमिगत नहरीनें पाणी आणून, तें उंचावरून पाडून, त्याच्या जोरावर जातें फिरविणारी ती रचना सुमारें तीन शतकांपूर्वींची. शाळेंत असतांना प्रतिवर्षीं मुलांस तेथें नेऊन आम्हीच अभिमानानें सांगत आलों कीं, पाहा, मनुष्याचा हात न लागतां दळण होतें! मग पोरानें आपल्या जात्यास पाणी जोडलें तर त्याला आम्हीं कोणत्या तोंडानें दोष द्यावा?

दुसऱ्या दिवशीं उत्तर सुचलें तें असें. पाणचक्कीचें पीठ फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या पोटांत जात होतें. तेथें कोणी शर्यत लावून दळीत नव्हतें. या खेळांत मात्र दळलेलें पीठ बाजारांत येतें. त्या काल्पनिक जगांत खराखुरा बाजार भरतो, आणि हातानें दळणारा व पाणचक्कीनें दळणारा एकाच पेठेंत समोरासमोर बसतात. यंत्राचें पीठ वाढलें कीं हाताच्या पिठाचा भाव उतरतो. आणि हें सर्व खोटें, असेंहि म्हणतां येत नाहीं. २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएला देशांत चलन मातीमोल झालें, तेव्हां तेथील कित्येक लोक 'रूनस्केप' नामक खेळांत दिवसभर ड्रॅगन मारीत आणि मिळालेलें सोनें परदेशीं खेळाडूंस विकून घरचा बाजार आणीत. तशी विक्री खेळाच्या नियमांविरुद्ध होती, हेंहि खरें. पण पोटाला नियम कोणीं शिकवावा? अशा मनुष्याच्या शेजारीं कोणी शंभर यंत्रचालित बाहुल्या उभ्या केल्या, तर 'कोणाचें काय गेलें' याचें उत्तर द्यावयास फार विद्वत्ता नको.

घरांतील मंडळींस हें पटेना, तेव्हां आम्हीं तत्काळ तिकिटाचा दाखला दिला. सकाळीं दहाच्या ठोक्यास आपण संगणकापुढें बसावें, नांव व वय लिहीपर्यंत सर्व जागा संपाव्या, हा अनुभव कोणास नाहीं? आपण एकेक अक्षर बोटानें लिहीत असतों, आणि कोठें तरी एखादा दलाल तींच अक्षरें यंत्राकडून क्षणार्धांत भरवून घेत असतो. तोहि मॅक्रोच. त्यास आळा म्हणून रेल्वेनें १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटास आधार-पडताळणी झालेलें खातें अवश्य केलें. हें ऐकतांच वहिनींनीं नातवाकडे जें पाहिलें, तें आमच्या सर्व विवेचनाहून प्रभावी ठरलें.

खेळ चालविणाऱ्या कंपन्यांनीं या बाबतींत जी रेघ आंखली ती आम्हांस विचारार्ह वाटली. 'रूनस्केप'च्या इंग्रज चालकांनीं २०११ च्या ऑक्टोबरांत, त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, एका दिवसांत सुमारें १५ लाख यंत्रचालित खातीं बुडविलीं. तें सरळ आहे. तेथें खेळणारा मनुष्यच नाहीं. परंतु आइसलंड बेटावरील 'ईव्ह ऑनलाइन'च्या चालकांनीं १ जानेवारी २०१५ पासून, आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या अमेरिकन चालकांनीं २०२० च्या नोव्हेंबरांत, जो निर्बंध घातला तो सूक्ष्म आहे. एका माणसानें अनेक खातीं ठेवण्यास त्यांची हरकत नाहीं. हरकत आहे ती एक कळ अनेक ठिकाणीं पोंचविणाऱ्या आज्ञावलीस. पांच पात्रें खुशाल चालवा, परंतु पांच वेळां कळ दाबा.

हें वाचतांच आम्हांस सौभरि ऋषि आठवला. विष्णुपुराणांत त्याची कथा आहे. पाण्यांत तप करीत असतां मत्स्यांचा संसार पाहून त्यास संसाराची इच्छा झाली, मांधात्याच्या पन्नास कन्या त्यानें वरिल्या, आणि तपोबलानें पन्नास देह धारण करून पन्नास प्रासादांत तो एकदम राहूं लागला. राजा समाचारास गेला तेव्हां प्रत्येक कन्या म्हणाली, मी सुखी आहें, पण पति सदा माझ्याजवळच असतो, माझ्या बहिणींचें कसें होत असेल? पतंजलीनेंहि कैवल्यपादांत हाच प्रश्न घेतला आहे: योग्यानें निर्माण केलेल्या अनेक चित्तांस चालविणारें चित्त एक कीं अनेक? त्याचा निर्णय, एकच. तरी सौभरीचें तें एक चित्त प्रत्येक घरीं हजर होतें. एका प्रासादांत मान हलविली म्हणून एकूणपन्नास ठिकाणीं ती हलली, असें पुराणकारानें लिहिलेलें नाहीं.

इतक्या लांब कशास जावें? आमच्या येथील विद्यापीठांत नाट्यशास्त्र शिकविणारे कै. लक्ष्मण देशपांडे हे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगांत एकटे ५२ पात्रें उभीं करीत. खांद्यावरच्या वस्त्राची घडी बदलली कीं माणूस बदले. २००९ सालीं ते गेले. परंतु ज्यांनीं तो प्रयोग पाहिला त्यांस त्या बावन्न जणांतील प्रत्येकाचा आवाज अजून वेगळा ऐकूं येतो. त्या बावन्न जणांनीं एकच वाक्य एकाच सुरांत उच्चारलें असतें, तर तिकीट काढून कोण गेलें असतें? आमच्या नातवाच्या फौजेंत मात्र एक लढत होता आणि चार जण नुसतें होय-होय करीत होते. त्यांत एक आम्ही होतों, हें आम्हांस अधिक लागलें.

न्यायानें हेंहि म्हटलें पाहिजे कीं, ज्या खेळांतील दळण मनुष्य यंत्रावर टाकूं पाहतो, त्या खेळाच्या कर्त्यांनींहि आपलें जातें एकदां तपासावें. तसेंच ज्याचा एक हात अधू आहे, त्यास एका कळेंत दोन कळांचें काम ही सवड म्हणजे आंधळ्याची काठी. तीवर कोणीं डोळे वटारूं नयेत. आणि ज्यास नियम विषम वाटतो त्यानें तो खेळ सोडावा. सभापर्वांत शकुनि दुर्योधनाच्या वतीनें फांसे टाकण्यास पुढें होतो, तेव्हां एकासाठीं दुसऱ्यानें खेळणें बरें दिसत नाहीं असें धर्मराज बोलून दाखवितो, आणि तसाच पटापाशीं बसतो. पुढचें सर्वांस माहीतच आहे.

हें सर्व आम्हीं नातवास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग म्हणाला, "आजोबा, पण तुमचाहि मॅक्रोच आहे कीं. मींच बसवून दिलाय."

खरेंच होतें. दोन वर्षांपूर्वीं बोटें आंखडूं लागलीं, तेव्हां त्यानें आमच्या संगणकावर अशी सोय करून दिली कीं, 'कृ' हें एक अक्षर लिहून कळ दाबावी, आणि माथ्यावर श्री, खालीं कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष, त्याखालीं येथील सर्व क्षेम असून आपलें क्षेम कळवीत जावें, इतका मजकूर आपोआप उमटावा. आम्हीं हसून म्हटलें, "अरे, त्यानें कोणाच्या पिठाचा भाव उतरला?" तोहि हसला.

रात्रीं मात्र झोंप लागेना. उठून संगणक उघडला आणि जुनीं पत्रें चाळूं लागलों. वैशाखांत नांदेडच्या आमच्या एका जुन्या सहकारी शिक्षकाची पत्नी निवर्तली होती. आम्हीं त्याच दिवशीं सांत्वनाचें ई-पत्र धाडलें होतें. चार ओळी, परंतु फार मनापासून लिहिलेल्या. तें पत्र उघडलें. माथ्यावर श्री होता. दुखवट्याच्या पत्रावर श्री घालीत नाहींत, हें आम्हींच शाळेंत पत्रलेखन शिकवितांना पिढ्यान् पिढ्या सांगितलें. त्याखालीं साष्टांग नमस्कार होता. त्याखालीं, येथील सर्व क्षेम असून आपलें क्षेम कळवीत जावें. आणि मग आमच्या चार ओळी.

त्याचें उत्तर दोनच शब्दांचें आलें होतें: "पत्र पावलें." तेव्हां आम्हांस वाटलें होतें, दुःखांत आहे बिचारा.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं जेवणघराच्या मेजाच्या एका टोकास नातू बसला होता. खेळाच्या चालकांस त्यानें क्षमेचें पत्र लिहिलें, त्यांनीं त्यास एक खातें नव्यानें काढूं दिलें; पहिली पातळी, हातांत लांकडी तलवार, आणि समोर तोच कोल्हा. दुसऱ्या टोकास आम्ही कागद व टाक घेऊन बसलों होतों. माथा कोरा ठेवला. पहिलें वाक्य कांहीं केल्या सुचेना. तीन कागद फाडले. त्याचे बारा कोल्हे मारून झाले तेव्हां त्यानें विचारलें, "आजोबा, कोणाला लिहितां आहां?" आम्हीं सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नांदेडला सकाळची गाडी आहे. मी येऊं का बरोबर?"

कागद तसाच घडी करून ठेवला, आणि सौभाग्यवतींस पहाटे चारास उठविण्यास सांगितलें.